उसना रवंथ

चाचा, तुमची शेळी आजारी पडली आणि मग मला कळलं की तुम्ही गेलात.

तसं कळायला काय, तुम्हाला जाऊन आज सात दिवस झाले. कबरीवर मूठभर माती मीही टाकली. चाचींसमोर मान खाली घालून बसलो. तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला गावाबरोबर चार घास जेवलोसुद्धा. पण रडू काही आलं नाही. लोक म्हणाले असतील, जनावरांचा डॉक्टर, ह्याचं काळीज फिनेलनं धुतलेलं. मग परवा सकाळी चाचींचा निरोप आला, "पांढरी शेळी दोन दिस झालं तोंड हलवंना." मी पायांत वहाणा सरकवल्या, पिशवी उचलली आणि सवयीनं तुमच्या ओट्याकडं वळलो. तुम्हाला बोलवायला! ओट्यावर कुत्रं झोपलं होतं. तेव्हा मात्र भर रस्त्यात मला हुंदका आला. मागनं आटपाडीच्या एसटीवाल्यानं हॉर्न मारला, तेव्हा कुठं बाजूला झालो.

म्हणून हे लिहायला बसलोय. अक्षर वाकडं येतंय, ते गोड मानून घ्या. का वाकडं येतंय ते शेवटी सांगतो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तो प्रश्नच मिटला. पण बोलायचं राहिलंय ते कुणाशी बोलू? या गावात माझं डोकं गरम झालं की त्यावर गार पाणी ओतणारे तुम्ही एकटेच होता.

लोक मला विचारतात, "डाक्टर, तुमचं आन दस्तगीर मुलाण्याचं एवढं काय हुतं?" त्यांचंही बरोबर आहे. मी जनावरं जगवणारा, तुम्ही कापणारे. गावात कुणाच्याही घरी बोकड पडायचा तर सुरी तुमची, मग तो धनगराचा नवस असो की पाटलाच्या पोरीचं लग्न. तुम्ही म्हणायचात, "आपलं दोघांचं गिऱ्हाईक एकच, डाक्टर. तुमच्याकडनं सुटलं की माझ्याकडं येतंय." आणि असं काही हसायचात की समोरच्याला राग धरताच येऊ नये.

मी कडेगावकडचा. उसाच्या पट्ट्यातला, हिरव्या वैरणीत वाढलेला. नोकरीचा पहिला हुकूम आला तो या माणदेशी फुफाट्यात. म्हसवड एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, मधे हे गाव आणि त्यात एका खोलीचा दवाखाना. वय चोवीस, अंगात कॉलेजाची मस्ती. आल्या आल्या आठवड्यात तुमच्या ओट्यावर येऊन गरजलो होतो, की मी तपासल्याशिवाय एक तुकडा विकायचा नाही. तुम्ही हातातली सुरी पुसली. आत्ताच उघडलेल्या बोकडाचं मोठं पोट माझ्यापुढं सरकवलं. "तपासा की. घाला हात."

मी हात मागं घेतला.

"का? कालेजात घातला न्हाई?"

"घातलाय. पण ते औषधात ठेवलेलं असायचं. बरणीत."

"म्हंजी लोणच्यातलं!" तुम्ही एवढे हसलात की रस्त्यावरची माणसं थांबली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्या रागातच मी कोपरापर्यंत हात घातला. चाचा, तो कढतपणा मी जन्मात विसरणार नाही. मेलेल्या जनावराच्या पोटात अर्धवट कुटलेला पाला फसफसत होता. आंबिलीच्या मडक्यासारखा आंबूस वास, आणि हाताला मधूनच येऊन फुटणारे बुडबुडे. बोकड मेला होता, पण त्याच्या पोटाला अजून ते ठाऊक नव्हतं.

"ही चूल हाय," तुम्ही म्हणालात. "जनावर मरतंय आदी. चूल इझती मागनं." एवढं बोलून तुम्ही तुमच्या कामाला लागलात. मी हात धुवायला गेलो. त्या दिवशी तपासणी झाली ती माझीच.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. त्याचं काय सांगू, तुम्ही-मी बरोबरच खाल्ला तो. छावणीत जनावरं बांधलेली, आमच्या कडेगावकडनं उसाच्या वाढ्याचे ट्रक यायचे. मला वाटायचं, हिरवं आहे, भरपूर टाका. तुम्ही येऊन कानात सांगायचात, "आज पेंढीभर, उद्या दोन. वैरण बदलली की पोट बदलाय आठ-धा दिस लागत्यात." मी म्हणायचो, पुस्तकात आहे ते. तुम्ही म्हणायचात, मग पुस्तकाचं तरी ऐका.

आणि मग हौसाबाईचा हरण्या.

हौसाबाई म्हणजे सुभेदाराची बायको. नवरा पलटणीत, लांब कुठं तरी बर्फात. घरी ती, सासू, आणि खिलाराची जोडी, हरण्या आणि पाखऱ्या. सुभेदार पत्रात पहिल्या ओळीत आईची तब्येत विचारायचा आणि दुसऱ्या ओळीत हरण्याची. बायकोची पाळी तिसऱ्या ओळीत यायची, असं तीच हसत सांगायची. दुष्काळभर तिनं स्वतः अर्धी भाकरी खाऊन ती जोडी जगवली. मृगाच्या तोंडावर पेरणी दिसायला लागली, आणि या बाईनं काय करावं? पोटाला चिमटा घेऊन साठवलेला मिलो, तो तांबडा परदेशी जोंधळा, रात्रभर भिजवला आणि गूळ घालून पाटीभर हरण्यापुढं ठेवला. वर्षभर वाढं चघळलेल्या बैलाला! जीव होता ना त्याच्यावर, म्हणून. वैरी असता तर मूठभरच घातला असता.

सकाळी हरण्या आडवा. पोट तट्ट फुगलेलं, डोळे पांढरे. मी धावलो. सुरुवातीचं मी बरोबर केलं, हे तुम्हीही कबूल केलंत. पोटात आम्ल माजलं होतं, मी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला, दोन दिवस उशाला बसलो, आणि बैल मरणातनं मागं आला. तिथं थांबायला हवं होतं मी. पण ताप येईल, पोटात विष पसरेल, म्हणून सल्फाच्या गोळ्या चालू केल्या. तीन दिवस, तोंडावाटे, पुस्तकातल्या वजनाप्रमाणं. जंतू मारायला.

मेले ते. सगळे मेले.

बैल जिवंत होता, पण नुसता उभा. नाकपुडी कोरडी, कान गार. पुढं कवळी वैरण टाकली तर हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. रवंथ नाही. चार दिवस गेले, पाच दिवस गेले. गावात पाभरी निघाल्या. हौसाबाई गोठ्यात बसून हरण्याच्या मानेवर हात फिरवत मला म्हणाली, "डाक्टर, पेरणी गेली तर जाऊंद्या. पर ह्यो माझ्याकडं असा का बगतोय?" मी आणखी एक गोळी काढली.

तेवढ्यात तुम्ही आलात. कुणी बोलावलं नव्हतं. हरण्याच्या तोंडाला नाक लावलंत, डाव्या कुशीवर कान ठेवलात. बराच वेळ. मग उठून मला बाजूला घेतलंत.

"चूल इझलीया ह्येची. तुमच्या गोळ्यांनी इझवली."

आणि मी, चाचा, मी काय म्हणालो? "खाटकानं मला शिकवू नये." असंच म्हणालो. शब्द न् शब्द आठवतो. गोठ्याच्या दारात, हौसाबाईच्या देखत. तुम्ही नंतर कधी त्याचा उच्चार केला नाहीत. मला मात्र आजही शेव्हिंग करताना मधेच ते वाक्य ऐकू येतं आणि हात थांबतो. खाई त्याला खवखवे. माफी मागायची मनात हजारदा आलं. उद्या मागू, उद्या मागू, करत पाच वर्षं काढली.

तुम्ही तेव्हा रागावलासुद्धा नाहीत. एवढंच म्हणालात, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हंत्यात, डाक्टर. पर ह्यो बैल तुमचा न्हाई. हौसाबाईचा हाय."

दुसऱ्या दिवशी एका धनगराच्या नवसाचा बोकड पडला. तुम्ही त्याच्या पोटातला तो कढत पाला पिळून, फडक्यातनं गाळून, पत्र्याच्या डब्यात भरलात. डबा पोत्यात गुंडाळून पोटाशी धरलात, गार होऊ नये म्हणून, आणि भर दुपारच्या उन्हात पळत आलात. पन्नाशीचा माणूस, धापा टाकत. "हौसाबाई, गूळ हाय का? न्हाई? मग दुकानातनं घेऊन या, पळा." ती गेली. तुम्ही बांबूचं नळकांडं भरलंत आणि मला म्हणालात, "तोंड वर धरा."

मी धरलं. का धरलं मला माहीत नाही. कदाचित मला दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून.

"हे काय करताय?"

"इरजान लावतोय. दूध कितीबी चांगलं आसू द्या, इरजान न्हाई तर दही कशाचं हुतंय? ह्याच्या पोटातलं इरजान मेलंय. शेजारच्या घरातनं उसनं आणलंय."

पुढचे दोन दिवस तुम्ही कुठनं कुठनं पैदा केलंत. बोकड नव्हता तेव्हा रवंथ करणाऱ्या म्हशीच्या तोंडात हात घालून चघळलेला गोळाच काढून आणलात. तिसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघं गोठ्यासमोर लिंबाखाली बसलो होतो. हरण्यानं सकाळपासून दोन पेंढ्या खाल्ल्या होत्या. एकदम तुम्ही माझं मनगट आवळलंत. "गळ्याकडं बगा!" हरण्याच्या गळ्यातनं एक गोळा खालनं वर सरकत गेला, कातडीखालनं अगदी डोळ्यांनी दिसला, आणि जबडा हलला. डावीकडं, उजवीकडं. डावीकडं, उजवीकडं. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. हजारो जनावरं कापलेला माणूस, आणि एक बैल तोंड हलवतो म्हणून रडतोय. मी तुमच्याकडं बघायचं टाळलं.

उठताना तुम्ही म्हणालात, "कुणाला सांगू नका हां. बैल म्हंजी लोकास्नी देव. त्याच्या तोंडात बोकडाच्या पोटातलं घातलं म्हनलं तर कुनाच्या तरी मनात किडा वळवळंल. तुमचं औषद लागू पडलं आसंच म्हना."

मी "बरं" म्हणालो. चाचा, जरा जास्तच पटकन म्हणालो.

त्या साली बेंदराला हरण्या-पाखऱ्याची शिंगं रंगवली, झुली घातल्या, गावातनं मिरवलं. आणि मला फेटा बांधला. हौसाबाईच्या सासूनं नारळ दिला. पाटील बोलले, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. मी फेटा सावरत मान हलवत होतो. तुम्ही मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर एका कडेला बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही.

त्या फेट्यानं माझी झोप उडवली. आठ दिवसांनी मी तुम्हाला दवाखान्यात बोलावलं. माफी मागायला, खरं तर. पण तुम्ही आलात आणि तोंडातनं निघालं, "चाचा, पुढच्या वेळी बोकड कापाल तेव्हा थोडा तो पाला गरम गरम आणा. तुम्हाला गंमत दाखवतो." तुम्ही आणलात. काखेत बाटली दाबून, ऊब धरून. मी काचेवर थेंब घेतला, खिडकीतलं ऊन आरशावर धरलं आणि सूक्ष्मदर्शक तुमच्यापुढं केला. तुम्ही एक डोळा मिटलात, मग दुसरा मिटलात, मग मी तुमचं डोकं धरून नीट लावलं.

आणि तुम्ही ओरडलात, "या अल्ला! आवं, ही तर जत्रा हाय!"

केसाळ अंगाचे, गोलमटोल जीव, एकमेकांना ढकलत, फिरत, वळत. त्यांच्याहून बारीक लाखो दुसरे, ते दिसतच नाहीत. मी तुम्हाला समजावून सांगितलं, जेवढं मला येत होतं तेवढं. की कडबा, गवत, वाढं जनावर स्वतः पचवू शकत नाही. ती ताकदच नाही त्याच्या पोटात. गवत मोडतात ते हे जंतू, हवा नसलेल्या त्या काळोखात. त्यांनी आंबवलं की त्यातनं जे निघतं त्यावर बैल नांगर ओढतो आणि गाय दूध देते. बैल नुसता चावतो, भिजवतो, पुन्हा चावतो, आणि त्यांच्यापुढं वाढतो. आणि दाणा एकदम जास्त घातला की त्यातले काही माजतात, आंबट करून टाकतात, बाकीचे मरतात. हरण्याचं झालं ते हेच.

"म्हंजी जनावर एकटं जेवत न्हाई."

"नाही. पंगत असते."

"आन मग ह्ये पाव्हनं पुढं जात्यात कुठं?"

"पुढच्या पोटात. तिथं बैल त्यांनाच पचवतो. त्यांचंच मांस त्याच्या अंगाला लागतं."

तुम्ही डोळा न काढता म्हणालात, "बरा हाय की! पाव्हन्याला जेवाय घालायचं आन मग पाव्हन्यालाच खायाचं. आन बदनाम आमी." हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग थेंब गार होत गेला आणि ते जीव मंदावले, एकेक थांबला. तुम्ही "थंडीनं मेली," म्हणालात, आणि बाटली पुन्हा काखेत घेतलीत, उरलेले तरी जगावेत म्हणून.

जाताना दारात वळून तुम्ही तो प्रश्न टाकलात. नवं वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटात हे असतात का? मी म्हणालो, नाही. आई चाटते, वासरू तिच्या तोंडाला तोंड लावतं, तिच्या लाळेतनं येतात. "आन तिच्या पोटात?" तिच्या आईकडनं. "आन तिच्या आईच्या?" तिच्या आईकडनं. "मग पयल्या गाईला इरजान कुनी दिलं?" मी म्हणालो, पुस्तकात बघून सांगतो. दर वेळी भेटलात की तुम्ही भुवई उडवायचात, "घावलं का पुस्तकात?" मी म्हणायचो जंतू, तुम्ही म्हणायचात बरकत. मी चिडायचो. "बरकत काय सूक्ष्मदर्शकात दिसते का?" तुम्ही शांतपणे, "मी बगितली की. एक डोळा मिटून." हे भांडण असंच अर्धं राहिलं, चाचा. मला ते हवंय. बाकी काही नको, पारावर बसून अर्धा तास तेवढं भांडण हवंय.

गेल्या वर्षी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आपण एसटीची वाट बघत उभे होतो. तुम्ही मध्येच म्हणालात, "डाक्टर, ती हरण्याची गोष्ट आता सांगितली तरी चालंल की. आता काय, लोकांचा तुमच्यावर इश्वास बसलाय." मी काय केलं? घड्याळ बघितलं. "आज उशीर आहे वाटतं गाडीला," म्हणालो. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, थोडं हसलात आणि तंबाखू मळायला लागलात. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता मान हवासा वाटतोय. साहजिक आहे. फेटा त्याचाच आहे. देऊ पुढच्या बेंदराला, सगळ्यांसमोर देऊ, असं मनाशी ठरवलंसुद्धा. आणि तुम्ही, सकाळी चांगले चहा पिऊन ओट्यावर बसलात आणि छातीत कळ येऊन गेलात. मी सांगलीला मीटिंगला गेलेलो. दुपारच्या गाडीनं उतरलो तर पारावर माणसं गप्प बसलेली.

आता शेळीचं सांगतो.

जियारतीला पाहुण्यांचा भात उरला. कुणीतरी तो परड्यात टाकला, आणि पांढरीनं दावं तोडून पोट फुटेस्तोवर खाल्ला. तुम्ही असता तर तो भात परड्यात गेलाच नसता. फुगली, आडवी झाली. शेजाऱ्यांनी सोडा पाजला, तेवढं आता गावाला येतं. पोट उतरलं, पण मी गेलो तेव्हा शेळी भिंतीकडं तोंड करून उभी. नाक कोरडं, कान गार. मी डाव्या कुशीवर कान ठेवला. आत सामसूम. पाल्याचा डहाळा पुढं केला तर माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिला सोडू नका, भाऊ. त्येंच्या हातनंच खायाची ती. ती गेली तर मग घरात त्येंचं कोन ऱ्हायलं?"

औषध कुठलं ते मला ठाऊक होतं. पण तुमच्या माघारी गावात सुरी धरणारा कोणी नाही. बाजारच्या दिवशी आटपाडीहून एकजण येतो, त्याला अजून चार दिवस. शेळी तेवढी थांबली नसती. मग उरला जित्या जनावराच्या तोंडातला रवंथ. तुम्ही मला किती वेळा शिकवायला बघितलंत! मी दर वेळी पळ काढला. तुमच्या उजव्या अंगठ्याचं नख एका म्हशीनं दाढेखाली घेतलं होतं, ते बघून माझी हिंमत व्हायची नाही.

मी हौसाबाईच्या गोठ्यावर गेलो. हरण्या आता म्हातारा झालाय, जू मानेवर घेत नाही, पण खाणंपिणं खणखणीत. सावलीत बसून रवंथ करत होता. हौसाबाई शेण भरत होती. मी काय मागायला आलोय ते सांगण्याआधी मला फेट्याचं खरं सांगावं लागणार होतं.

"हौसाबाई, हरण्या मी नव्हता वाचवला. चाचांनी वाचवला. बोकडाच्या पोटातलं पाजून. फेटा मी खोटा बांधून घेतला."

तिनं पाटी खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"आमाला ठावं हाय की."

"ठाऊक? कसं?" मी विचारलं.

"आवं, गूळ घरातच हुता त्या दिशी, डबा भरून. बाईमाणसाला गूळ आणाय भाईर धाडत्यात, म्हंजी कायतरी लपवायचं आसतंय. मी दाराआड हुते. बोकडाच्या पोटाचा वास मला कळंना व्हय? हरण्यानं तोंड हलिवलं त्या सांजंला दस्तगीरदादाच्या पाया पडाय गेले, तर मलाच दम दिला. म्हनलं, वयनी, गप ऱ्हावा. डाक्टर नवं हाय, डोकं गरम हाय, पर जनावरापाशी जागतंय. गावाचा इश्वास त्येच्यावर बसला तर जनावरं येळंला दवाखान्यात जात्याल. माझ्याकडं येऊन काय उपेग? मी शेवटी कापनारा."

"मग फेटा..."

"त्यो त्येंनीच सुचिवला माझ्या सासूला." तिनं हरण्याच्या पाठीवरची माशी हाकलली. "दर बेंदराला पयली पोळी हरण्याला, दुसरी त्येंच्या घरला. त्ये हसून म्हनायचं, डाक्टर आपनहून सांगंल बग एक दिस. त्येच्या मनावरचं वझं उतराय पायजे."

चाचा, म्हणजे एसटीच्या थांब्यावर तुम्ही फेटा मागत नव्हता. माझी सुटका करत होता. आणि मी घड्याळ बघितलं! पाच वर्षं मला वाटत होतं की गावाला फसवून मी तुमचं काहीतरी दाबून बसलोय, आणि सगळा वेळ तुम्हीच मला सांभाळून घेत होता. त्या "खाटकानं शिकवू नये"नंतरसुद्धा. तीनच दिवसांनी तुम्ही हिच्यापाशी माझं कौतुक केलंत. मला तिथं गोठ्यातच तुमचा राग आला. माणसानं एवढं चांगलं असू नये. मागं राहणाऱ्यानं मग करायचं काय?

हौसाबाई म्हणाली, "काय न्यायला आलाय त्ये न्या. आदी शेळी."

मी हरण्याच्या बाजूला बसलो. तुम्ही सांगितलेलं एकेक आठवत. समोरनं जायचं नाही, बाजूनं, जिथं दात नाहीत तिथनं. गळ्याकडं बघत राहायचं. गोळा वर येताना दिसला की मगच. जीभ धरून बाहेर ओढायची, एका दमात. पहिल्या खेपेला हात काढायला उशीर झाला आणि दाढेनं माझा अंगठा धरला. मी तुम्हालाच हाक मारली, चाचा. मोठ्यानं. हौसाबाईनं तोंड वळवून पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या खेपेला गोळा हातात आला. कढत. अगदी तसाच, पहिल्या दिवशी तुमच्या ओट्यावर होता तसा.

कोमट पाण्यात कालवला, बाटली काखेत दाबली आणि गावातनं पळत सुटलो. ज्यानं त्यानं बघितलं. "डाक्टर, काय झालं?" मी पळता पळताच सांगत होतो, "मुलाणी चाचांचं औषध! चाचांचं औषध!" पारावरची माणसं हसत होती की रडत होती ते बघायला थांबलो नाही.

परवा आणि काल दोनदा पाजलं, आज सकाळी एकदा. अंगठा सुजलाय, नख काळंनिळं पडलंय, जाईल बहुतेक. उजवाच आहे.

पहिल्या गाईला विरजण कुणी दिलं ते मला पुस्तकात सापडलं नाही. सापडेलसं वाटतही नाही. तुमच्या पांढरीला दिलं ते हरण्यानं, आणि त्याला तुम्ही, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. आत्ता चाचींच्या दारात बसून हे लिहितोय. चाची आत चहा टाकतायत. पांढरी समोर अंगणातल्या लिंबाखाली बसलीय, तुमच्या जागेवर. आत्ताच तिच्या गळ्यातनं एक गोळा वर गेला. मी कुणाचं तरी मनगट आवळायला हात पुढं केला, चाचा, आणि तो तसाच राहिला.